केसपेपरवर एक रकाना त्वचेचाही हवा: आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. आरोग्य सेवा आयुक्त आणि वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचे मा. अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय: अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळांच्या त्वचेची काळजी

सविनय नमस्कार.

जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात, आपण सगळे ज्याला एसएनसीयू म्हणतो तिथं, मी परिचारिका म्हणून नोकरीची बहुतेक वर्षं काढली. आता निवृत्त आहे. कुठल्याही संघटनेच्या वतीनं लिहीत नाही आणि स्वतःसाठी काही मागायचंही नाही. मागणं एकच आहे. या कक्षांत दाखल होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्वचेची काळजी हा उपचाराचा भाग आहे, असं शासनानं लेखी म्हणावं, तिची दर पाळीला नोंद व्हावी आणि त्यासाठी लागणारं किरकोळ सामान खरेदीच्या यादीत यावं.

आपण कधी अशा कक्षाला भेट दिलीत तर बाळाला वरून ऊब देणाऱ्या उघड्या पाळण्याला, म्हणजे वॉर्मरला, अडकवलेला कागद वाचून पाहा. वजन, तापमान, श्वास, नाडी, ऑक्सिजन, रक्तातली साखर, दूध किती मिली दिलं, लघवी किती वेळा झाली, हे सगळं वेळच्या वेळी लिहिलेलं दिसेल. त्वचेबद्दल बहुधा एक अक्षरही दिसणार नाही. दिसलंच तर ते इजा होऊन गेल्यावरचं असेल: ‘उजव्या हातावर चट्टा’, ‘टाचेला जखम’. बाळाचं पाणी त्वचेतून जातं, ऊब त्वचेतून जाते, जंतू तिथूनच आत शिरतात, आणि आपण वरून लावलेलं औषधही तिथूनच रक्तात उतरतं. तरीही तिच्यासाठी आपल्या कागदावर रकाना नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या त्वचेचा सगळ्यात वरचा संरक्षक थर हा पेशींच्या १० ते २० पदरांचा असतो. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात हे पदर दोन-तीनच असतात, आणि २४ आठवड्यांच्या आसपास तर हा थर जवळजवळ नसतोच. अंग लालसर, ओलसर, चिकट दिसतं, खालच्या शिरा स्पष्ट दिसतात. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती त्वचा बोटाला जाणवतसुद्धा नाही. शिवाय वरची त्वचा आणि खालची त्वचा यांना एकमेकींशी धरून ठेवणारे धागे या बाळांत कमी आणि विरळ असतात. वरून काही ओढलं की वरची त्वचा त्याच्याबरोबर निघून येते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आज्या हमखास म्हणतात, ‘सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही.’ हे खरं नाही, आणि त्या बोलण्यानं आठमाशी बाळाच्या आईच्या काळजाचं पाणी होतं. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसाला जसा लाभतो तसाच त्वचेलाही लाभतो. आपल्या निकषांनुसार ३४ आठवड्यांच्या आतली किंवा १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं एसएनसीयूत घेतली जातात. त्यांतली जी जितकी आधीची, तितकी तिची त्वचा कच्ची. २०२० साली भारतात अपुऱ्या दिवसांची, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आतली, सुमारे ३० लाख बाळं जन्मली. जगात कुठल्याच देशात इतकी जन्मली नाहीत.

पाण्याचा हिशोब मांडते, कारण तो अधिकाऱ्यांना लगेच पटतो असा माझा अनुभव आहे. एक किलोच्या आसपासच्या बाळाच्या अंगातून पहिल्या काही दिवसांत, लघवी धरली नाही तरी, दिवसाला ६० मिली पाणी उडून जाऊ शकतं, आणि त्यातलं बरंचसं त्वचेतून. एक मिली पाण्याची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे ६० मिलीमागे ३५ किलोकॅलरी. त्याच बाळाला वाढीसाठी अख्ख्या दिवसात ११० ते १३० किलोकॅलरी लागतात, आणि त्या आपण त्याच्या पोटात थेंबाथेंबानं घालत असतो. गेलेली ऊब वॉर्मर काही प्रमाणात भरून देतो. पाणी मात्र तो देत नाही. उलट वॉर्मरच्या उघड्या उष्णतेत त्वचेतून पाणी आणखी वेगानं उडतं. ज्या मोठ्या रुग्णालयांत दमट हवेचे इन्क्युबेटर आहेत तिथं हे पाणी राखता येतं. आपल्या बहुतेक जिल्ह्यांत वॉर्मरच आहेत. तिथं वॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून प्लॅस्टिकची पातळ पारदर्शक फिल्म ताणून लावली, तोंडापासून दूर, तर खूप फरक पडतो. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला जन्मताच न पुसता स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत गुंडाळायचं, ही पद्धत जगभर रूढ आहे. फिल्मचा रोल काही लाखांचं यंत्र नव्हे. पण स्टोअरच्या यादीत नसल्यामुळे तो कुणीतरी सिस्टर स्वतःच्या पैशानं बाजारातून आणते, संपला की काही दिवस तसेच जातात आणि मग पुन्हा कुणीतरी आणते.

आता चिकटपट्टीबद्दल. या पत्रात मला सगळ्यात जास्त याच विषयावर बोलायचं आहे.

हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगावर एका वेळी काय काय चिकटवलेलं असतं ते मोजून पाहा. वरच्या ओठावर पोटात गेलेल्या नळीची पट्टी. हाताला किंवा पायाला सलाईनची सुई, तिच्यावर पट्टी, खाली आधाराची फळी, फळीभोवती पुन्हा पट्टी. पोटावर तापमानाचा प्रोब. पावलाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब. सीपॅप, म्हणजे नाकातून दाबानं हवा देऊन श्वासाला आधार देणारं यंत्र, चालू असेल तर गालावर आधार. नाभीतून नळी घातलेली असेल तर पोटावर ती धरून ठेवणारा पट्टीचा आणखी एक पूल. तळहाताएवढ्या छातीच्या त्या जिवावर चिकटवायला मोकळी जागा उरत नाही. आणि यातली प्रत्येक पट्टी कधी ना कधी काढावी लागते.

मोठ्यांच्या वॉर्डात वापरतात तेच प्लास्टर, तीच कागदी पट्टी आपण या बाळांना वापरतो. पट्टीचा गोंद त्वचेला इतका घट्ट धरतो की त्वचेचे थरसुद्धा एकमेकांना तितके घट्ट धरून नसतात. पट्टी उचलली की तिच्या उलट्या बाजूला पातळ, ओला पापुद्रा येतो आणि बाळाच्या अंगावर लाल, चमकणारा चौकोन उरतो. त्या चौकोनातून पाणी झिरपतं, आणि जंतूंना वाट मोकळी होते. दिल्लीतल्या मोठ्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात नवजात बाळांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंमध्ये क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे आघाडीवर होते, आणि ते अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. अशा जंतूंच्या वस्तीत आपण बाळाच्या अंगावर जखम उघडी ठेवतो. मग महागडी अँटिबायोटिक्स सुरू होतात. त्यांच्यासाठी इंडेंट, म्हणजे स्टोअरकडची मागणी, लगेच मंजूर होतं.

यावरचे उपाय नवे नाहीत आणि अवघडही नाहीत. त्वचेवर आधी हायड्रोकोलॉइडची, म्हणजे त्वचेला जपणाऱ्या मऊ जेलसारख्या पदार्थाची, पातळ चकती लावायची आणि पट्टी त्या चकतीवर लावायची. पट्टी बदलली तरी चकती जागीच राहते. सिलिकॉनच्या गोंदाची पट्टी मिळते, ती त्वचेला न सोलता सुटते. पट्टी घट्ट बसावी म्हणून बेन्झोइनचं टिंक्चर लावायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे, ती पूर्ण बंद व्हायला हवी. काढताना पट्टी वर उचलायची नाही. त्वचेला समांतर, स्वतःवरच दुमडत, दुसऱ्या हाताच्या बोटानं त्वचा धरून, कोमट निर्जंतुक पाण्यानं किंवा थोड्या तेलानं ओली करत काढायची. पट्टी काढण्याचं द्रावण म्हणून स्पिरिट किंवा रसायन अजिबात नको. चिकटवलेली पट्टी शक्यतो पहिल्या दिवसात काढायचीच नाही, कारण पहिल्या चोवीस तासांत तिची पकड जास्त असते. ट्रॉलीच्या कडेला आधीच कापून लावून ठेवलेले पट्टीचे तुकडे तर बंदच व्हावेत. दिवसभर तिथं लटकून त्यांच्यावर काय काय बसतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एक पट्टी अशी काढायला पाच मिनिटं लागतात. रात्रपाळीला वीस बाळांमागे दोन सिस्टर असतील, त्यातल्या एकीच्या हातात नुकतंच आलेलं श्वास न घेणारं बाळ असेल, तर पाच मिनिटं आणायची कुठून? एका झटक्यात पट्टी ओढणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. तिला मी रात्रभर धावताना पाहिलंय. म्हणून त्वचेचा प्रश्न हा भरतीचाही प्रश्न आहे, आणि रिक्त पदांच्या फाईलवर सही करताना ही पाच मिनिटं आपल्या मनात असावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सलाईनचं तसंच. इतक्या बारीक शिरेत बसवलेली सुई केव्हा सरकेल सांगता येत नाही. त्यातून कॅल्शियम, दहा टक्के डेक्स्ट्रोज किंवा डोपामिनसारखं औषध जात असेल आणि ते शिरेबाहेर गेलं, तर आतलं मांस जळतं. मनगटावर, पावलावर राहिलेले ते व्रण पुढं मूल शाळेत जायला लागलं तरी दिसतात, काहींची बोटं आखडतात. सुईची जागा दर तासाला पाहिली, ती पारदर्शक पट्टीनं झाकलेली असली, बोटांची टोकं उघडी ठेवली, तर सूज पहिल्याच तासात दिसते. अपारदर्शक प्लास्टरचे चार वेढे दिलेले असतील तर ती उशिरा दिसते. इथंही मागणं तेच आहे: पारदर्शक पट्टी यादीत घ्या आणि दर तासाच्या पाहणीला कागदावर जागा द्या. सीपॅप जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला, त्यानं कितीतरी बाळं वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण योग्य मापाची टोपी आणि नाकाच्या नळ्या सोबत आल्या नाहीत तर नाकपुड्यांमधला पडदा दाबला जाऊन खरचटतो, कधी झिजतो. यंत्राच्या निविदेत सगळ्या मापांचे सुटे भाग धरले जावेत. ऑक्सिजनचा प्रोबही दर तीन-चार तासांनी एका पावलावरून दुसऱ्या पावलावर हलवायला हवा, आणि त्याची वेळही कागदावर यायला हवी.

निर्जंतुक करण्याच्या औषधांबाबत तर लेखी नियम नसणं हे मला धोक्याचं वाटतं. स्पिरिट, पोव्हिडोन आयोडिन, क्लोरहेक्सिडिन, जे ट्रॉलीवर असेल ते आणि ज्या तीव्रतेचं असेल ते वापरलं जातं. पोव्हिडोन आयोडिन कच्च्या त्वचेतून आत जातं आणि बाळाच्या थायरॉइडचं काम मंदावू शकतं. क्लोरहेक्सिडिन अल्कोहोलमधलं असो की नुसत्या पाण्यातलं, हजार ग्रॅमच्या आतल्या बाळांना पहिल्या दिवसांत त्यानं भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बहुतेक वेळा औषध ओघळून पाठीखाली, कमरेखाली साचतं, कपडा ओला राहतो आणि कातडी तिथं भाजते. कुणाला काय आणि किती टक्क्यांचं, किती थेंब, किती सेकंद, आणि मग निर्जंतुक सलाईननं पुसून घ्यायचं की नाही, हे वजन आणि आठवड्यांनुसार एका पानावर लिहून प्रत्येक ट्रॉलीला लावता येईल. हे पान राज्यातल्या नवजात शिशुतज्ज्ञांनी एकदा बसून ठरवावं. प्रत्येक कक्षानं आपापल्या अंदाजानं चालावं, असा हा विषय नाही.

त्वचेवर लावलेलं आत जातं, हे जगानं फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या एका टाल्कम पावडरीत चुकून हेक्साक्लोरोफिन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं. दोनशेहून अधिक मुलांना विषबाधा झाली आणि ३६ दगावली. ती पावडर त्यांनी खाल्ली नव्हती. लंगोटाच्या जागी रोज लावली जात होती, एवढंच. बोरिक पावडरीचाही असाच इतिहास आहे, आणि आपल्याकडं ती अजूनही कुणाकुणाच्या घरी बाळाच्या जांघेत लावली जाते. आणि ही तर निबर कातडीची मुलं.

आपल्या राज्यातलंच एक चांगलं उदाहरण सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांना करडईचं किंवा खोबरेल तेल चोळून पाहिलं आणि आधी-नंतर रक्त तपासलं. २००५ साली त्यांनी जे छापलं ते मी तेव्हापासून प्रत्येक नव्या सिस्टरला सांगत आले. करडईचं तेल लावलेल्या बाळांच्या रक्तात अत्यावश्यक स्निग्धाम्लं वाढली, खोबरेल लावलेल्यांच्या रक्तात संपृक्त स्निग्धाम्लं वाढली. त्वचेवर चोळलेलं तेल आत पोचतं, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. चांगली गोष्ट आत पोचते तशी वाईटही पोचणारच.

तेलाचा विषय निघालाच आहे, तर त्यात घाई नको असंही सांगते. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आतल्या बाळांना दिवसातून तीनदा सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावलं, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. ते वाचून मला वाटलं होतं की आता आपल्याकडंही उद्यापासून सुरू करावं. पण अमेरिकेत हजार ग्रॅमच्या आतल्या बाळांना पेट्रोलियमचं मलम लावून पाहिलं तेव्हा रक्तातले काही संसर्ग उलट वाढले. पुढं निरनिराळ्या देशांतले प्रयोग एकत्र मांडले तेव्हा ढाक्याइतका ठळक फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेल्या शिफारशींत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तेल लावण्याचा ‘विचार करता येईल’ असं जपून म्हटलं आहे, आणि मला हा सावधपणा योग्य वाटतो. मोहरीच्या तेलानं त्वचेची भिंत सावरायला उशीर होतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, म्हणजे सगळी तेलं सारखी नाहीत. म्हणून कुठलं तेल, किती वजनाच्या बाळाला, कितव्या दिवसापासून, हे तज्ज्ञांनी ठरवावं आणि ते तेल एकाच बाळाला पुरेल अशा लहान बाटलीत सरकारनं द्यावं. आज आईवडील घरून उघड्या बाटलीतलं तेल आणतात आणि कक्षात ते वापरायचं की नाही हे त्या पाळीच्या सिस्टरच्या मर्जीवर असतं. चोळायचं तर मुळीच नाही. या बाळांना घासणं म्हणजे सोलणं.

हे सगळं किती दिवस करायचं, असं कुणी विचारेल. जन्मानंतर बाहेरच्या हवेत ही त्वचा आपोआप पक्की होऊ लागते. बहुतेक बाळांत हे दोन ते चार आठवड्यांत होतं. अगदी २३-२५ आठवड्यांच्या बाळांना जास्त वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक बाळामागे ही चिकित्सा फार तर महिनाभराची आहे. त्या महिन्यात आपण जे जपू ते त्याला आयुष्यभर पुरणार आहे. खर्चाच्या टिपणीत हे वाक्य जरूर घाला.

नोंद कशी करायची, हाही प्रश्न सुटलेला आहे. नवजात बाळांच्या त्वचेची स्थिती मोजण्याची साधी गुणपद्धत आहे. कोरडेपणा, लाली आणि त्वचा फाटणं अशा तीन गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण द्यायचे. बेरीज तीन आली तर त्वचा उत्तम, नऊ आली तर सगळ्यात वाईट. यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. सिस्टर बाळाचं लंगोट बदलताना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवते आणि आकडा लिहिते. पण आकडा लिहिला की हँडओव्हरमध्ये तो बोलला जातो, राउंडला डॉक्टर विचारतात, आणि महिन्याच्या आढाव्यात आपल्यासारख्या अधिकाऱ्यांसमोर येतो. मी नोकरीत एवढं पाहिलं की जे कागदावर येतं त्याच्यासाठी सामान येतं.

आईविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. कांगारू पद्धतीची काळजी, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथं इन्क्युबेटर पुरत नव्हते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती जन्मल्यावर लगेच, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता सुरू केली, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे आठ ते चोवीस तास ती द्यायला सांगते. आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू बाळाच्या अंगावर वस्ती करतात, तेव्हा रुग्णालयातल्या हट्टी जंतूंना तिथं जागा कमी मिळते. ऊबही तिथं मिळते आणि पाजायलाही सोपं जातं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. आईचं दूध आणि आईचा सहवास यांच्या जोरावर बाळं वाचवण्याची वाट महाराष्ट्राला परकी नाही.

पण दिवसाचे आठ तास आईनं बसायचं कशावर? बऱ्याच ठिकाणी एसएनसीयू एका मजल्यावर आणि बाळंतिणींचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे. सिझेरियन झालेली बाई जिना चढून येते, प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाठीला आधार नसताना बसते आणि तासाभरात उठते. तिला डिस्चार्ज मिळाला की तिची खाट जाते. बाळ आत, आई बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर, आणि जेवणाचा डबा नातलगानं एसटीनं आणला तर. मागं टेकता येईल अशा खुर्च्या, आईसाठी खाट आणि बाळ आत असेपर्यंत दोन वेळचं जेवण, हे मी त्वचेच्या औषधांतच धरते.

बाळ घरी गेल्यावरचं थोडक्यात लिहिते, कारण तिथं आपल्याकडं आशाताई आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात गावातल्याच प्रशिक्षित बायकांच्या हातून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ते जगापुढं आलं. त्यातूनच पुढं देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. एसएनसीयूतून गेलेल्या बाळाच्या घरभेटीत त्वचेवर दहा मिनिटं बोलायला त्यांना एक छापील पान द्या. आजीचा अपमान न करता, तिला विश्वासात घेऊन सांगण्यासारखं बरंच आहे. डाळीचं पीठ आणि हळद लावून घासणं या बाळाला अजून नको. कणकेच्या गोळ्यानं अंगावरची लव काढणं नकोच. शेगडीचा शेक आणि धुरी नको. ऊब आईच्या छातीशी मिळते. कापूर घातलेलं तेल नको, तो त्वचेतून आत जाऊन झटके आणू शकतो. आणि एक गोष्ट जी कुणाच्या ध्यानात येत नाही: मोठ्या भावंडाची झबली, दुपटी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेली असतात, ती तशीच काढून बाळाला घालू नयेत. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असतं त्यांच्या रक्तपेशी त्या वासानं फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. बाळुत्याची घडी, करगोटा, मनगटातला काळा दोरा कुठं रुततोय का, हे आशाताईंनी हात लावून पाहावं. टोपडं, मोजे, मऊ सुती जुनं कापड, आजीची मांडी, हे सगळं हवंच आहे, आणि तेही त्या पानावर तितक्याच ठळकपणे छापा.

प्रसूतीगृहातल्या मावश्यांनाही एकदा बोलावून सांगायला हवं. बाळाच्या अंगावर येणारा पांढरा चिकट थर ही घाण नाही. तो पाण्याचा आणि स्निग्धाचा लेप आहे, तो त्वचेला सांभाळतो आणि जंतूंना अडवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो आधीच कमी मिळालेला असतो. तो खरवडून पुसू नये. कुठल्याही बाळाला पहिले २४ तास अंघोळ नको, आणि या बाळांना तर डॉक्टर सांगेपर्यंत नको.

दरवर्षी १७ नोव्हेंबरला आपण जागतिक प्रीमॅच्युरिटी दिन साजरा करतो. जांभळे फुगे लावतो, वाचलेल्या बाळांच्या आयांना बोलावून ओटी भरतो. तो कार्यक्रम मला आवडतो. या वर्षी त्या दिवसाआधी एक परिपत्रक निघावं: केसपेपरवर त्वचेचा रकाना, निर्जंतुक द्रावणांचं पान, पट्टी लावण्या-काढण्याची पद्धत, आणि सोबत खरेदीची यादी, जिच्यात हायड्रोकोलॉइडच्या चकत्या, सिलिकॉनची पट्टी, पारदर्शक पट्टी, पातळ फिल्मचे रोल आणि सीपॅपचे लहान सुटे भाग असतील. दर ठरवताना सगळ्यात स्वस्त निविदेतली पट्टी घेण्याआधी ती कक्षातल्या दोन सिस्टरना लावून-काढून पाहू द्या आणि त्यांचं मत फाईलला जोडा.

प्रशिक्षणाला माणूस हवा असेल तर मी येईन. कुठल्याही जिल्ह्याला, अगदी नंदुरबारला किंवा गडचिरोलीलाही. मानधन नको. माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर आणखीही आहेत, त्यांना मी विचारलं आहे आणि त्या तयार आहेत. विभागाकडून लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
नवजात शिशू अतिदक्षता कक्ष